एक वस्तू, अनेक ग्रुप

फुकट देण्याघेण्याच्या ऑनलाइन गटांमध्ये एकाच वस्तूची पोस्ट एकाच वेळी अनेक ठिकाणी टाकण्याला क्रॉस-पोस्टिंग म्हणतात. बाळाचा पाळणा द्यायचा असलेला माणूस त्याची पोस्ट आधी आपल्या वस्तीच्या गटात टाकतो, मग पलीकडच्या उपनगराच्या गटात, मग सबंध शहराच्या गटात. पाळणा एकच, पण मागणारे तीन गटांत मिळून वीस. एकाला तो मिळतो. बाकीच्यांपैकी काही जण निरोपाची वाट पाहतात, काही जण पत्ता विचारत राहतात, आणि पाळणा गेल्याची खबर बहुधा एकाच गटात पोचते. याचे काय करावे हा प्रश्न गट सांभाळणाऱ्या मॉडरेटरांना पहिल्यापासून सतावत आला आहे. त्यापायी नियम झाले, वाद झाले, आणि शेवटी गटांची रचनाच बदलत गेली.

प्रश्नाचे मूळ मात्र फुकट वस्तूंच्या गटांहून जुने आहे. १९७९ मध्ये अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात शिकणाऱ्या टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस यांनी युजनेटची कल्पना मांडली. शेजारच्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातील स्टीव्ह बेलोविन यांनी त्याचा पहिला प्रोग्राम लिहिला आणि १९८० मध्ये ते जाळे सुरू झाले. त्यात विषयवार गट होते आणि संदेश एका संगणकावरून दुसऱ्यावर टेलिफोनच्या तारेने जात. फोनचे बिल आणि साठवणुकीची जागा दोन्ही महाग होती, त्यामुळे एकच मजकूर अनेक गटांत पोचवण्याची एक काटकसरी सोय तिथे होती. संदेशाच्या माथ्यावर गटांची नावे स्वल्पविराम देऊन लिहायची. संगणकावर प्रत एकच राही, आणि एका गटात वाचून झालेला संदेश त्याच वाचकाला दुसऱ्या गटात पुन्हा दिसत नसे. क्रॉस-पोस्टिंग या शब्दाचा मूळ तांत्रिक अर्थ हाच. तोच मजकूर प्रत्येक गटात स्वतंत्रपणे चिकटवणे हा वेगळा प्रकार होता, आणि तो असभ्य समजला जाई.

युजनेटच्या संदेशांची रचना ठरवणारे दस्तऐवज या दृष्टीने वाचण्यासारखे आहेत. जून १९८३ चा पहिला मार्क हॉर्टन यांचा, डिसेंबर १९८७ चा दुसरा हॉर्टन आणि रिक ॲडम्स यांचा. संदेश कोणत्या विषयाच्या गटांत जावा यासाठी त्यांत एक ओळ आहे, आणि कोणत्या परिसरात जावा यासाठी दुसरी. दुसरी ओळ समजावताना घेतलेले उदाहरण जुन्या मोटारीचे आहे. न्यू जर्सीतल्या माणसाला मोटार विकायची असेल तर त्याने मोटारींचा आणि विक्रीचा असे दोन गट लिहावेत, परंतु परिसर म्हणून न्यू जर्सी आणि न्यू यॉर्क एवढेच नमूद करावे. खंडाच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या वाचकाला त्या मोटारीचा काही उपयोग नाही. विषय कोणता आणि परिसर कोणता, हे दोन प्रश्न इथे स्पष्टपणे वेगळे ठेवले होते. प्रत्यक्षात परिसराची ओळ पुष्कळांनी नीट भरली नाही, तरी विचार पक्का होता. पुढच्या काळात ही फारकत हरवली, आणि देण्याघेण्याच्या गटांतला बराचसा घोळ त्या हरवण्यातून आला.

१२ एप्रिल १९९४ रोजी ॲरिझोना राज्यातील फिनिक्स शहरातल्या कँटर आणि सीगल या वकील दांपत्याने ग्रीन कार्डाच्या सोडतीसाठी आपल्या सेवेची जाहिरात पाच हजारांहून अधिक गटांत टाकली. ती एकत्रित टाकलेली नव्हती, प्रत्येक गटात वेगळी होती. दहा गट वाचणाऱ्याला ती दहादा दिसली. त्या संतापातून युजनेटच्या स्वयंसेवकांनी अशा संदेशांसाठी मोजमाप ठरवले. सेथ ब्राइडबार्ट यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या निर्देशांकात प्रत्येक प्रतीमागे, ती जितक्या गटांत टाकली असेल त्या संख्येचे वर्गमूळ घ्यायचे आणि सगळ्या प्रतींची बेरीज करायची. नऊ गटांत मिळून एकच प्रत टाकली तर निर्देशांक ३. नऊ गटांत नऊ वेगळ्या प्रती टाकल्या तर ९. पंचेचाळीस दिवसांत बेरीज २० च्या वर गेली की तो मजकूर कुणीही स्वयंसेवकाने रद्द करावा, अशी सर्वसाधारण मान्यता होती. मजकूर चांगला की वाईट हे त्यात पाहिले जात नसे, किती वेळा आणि कशा रीतीने टाकला एवढेच पाहिले जाई. नियमनाच्या इतिहासात हा एक प्रामाणिक प्रयत्न होता. मॉडरेटरच्या आवडीनिवडीला त्यात जागा नव्हती.

फुकट वस्तूंच्या गटांची खरी सुरुवात त्याच ॲरिझोनात, टूसान शहरात झाली. डेरॉन बील तिथे राइझ नावाच्या एका ना-नफा संस्थेत होते. ही संस्था पुनर्वापराच्या कामातून गरजू लोकांना रोजगार देत असे. लोकांनी देऊ केलेल्या वापरण्याजोग्या वस्तू ठेवायच्या कुठे आणि द्यायच्या कुणाला, हा त्यांच्यापुढचा रोजचा पेच होता. १ मे २००३ रोजी बील यांनी तीस-चाळीस मित्रांना आणि काही संस्थांना ईमेल पाठवून फ्रीसायकल या गटाची घोषणा केली. टूसानभोवतीच्या वाळवंटात कचऱ्याचे डोंगर वाढू नयेत हा हेतू होता. वस्तू गोदामात न येता देणाऱ्याच्या दारातून थेट घेणाऱ्याकडे जावी, ही त्यातली नवी गोष्ट. पैसे घ्यायचे नाहीत, अदलाबदल मागायची नाही, आणि वस्तू कायदेशीर व सर्व वयोगटांना योग्य असावी, एवढेच मूळ नियम. काही वर्षांतच ही कल्पना जगभरच्या हजारो गावांत पोचली.

हे गट बहुतांशी याहू ग्रुप्सवर चालत आणि तिथली रचना युजनेटहून वेगळी होती. गट म्हणजे ईमेलची एक यादी; यादीवर आलेला प्रत्येक संदेश प्रत्येक सभासदाच्या पेटीत जायचा. एक प्रत अनेक गटांत दाखवण्याची सोय नव्हती. एका माणसाने तीन शेजारी गटांना सोफ्याची पोस्ट पाठवली तर तिन्ही गटांत असलेल्याला तीन ईमेल येत, आणि प्रत्येक ईमेलवर वेगळी मागणी सुरू होई. उत्तरे खासगीत देणाऱ्याकडे जात, म्हणून आपल्या आधी किती जणांनी मागितले हे कुणालाच कळत नसे. बेशिस्तीपेक्षा ही रचनाच अडचणीला जास्त कारणीभूत होती, हे तेव्हा फार थोड्यांनी ओळखले.

मॉडरेटरांनी शब्दांची शिस्त लावून तोड काढली. पोस्टच्या शीर्षकात सुरुवातीलाच इंग्रजीत ठरावीक शब्द लिहायचा: वस्तू देऊ केली तर ऑफर, हवी असली तर वाँटेड, गेली की टेकन, मिळाली की रिसीव्ह्ड. पुढे वस्तूचे नाव आणि शेवटी ठिकाण. ईमेलच्या गर्दीत वाचणाऱ्याने नुसत्या शीर्षकांवरून नजर फिरवावी आणि आपल्या कामाचे तेवढे उघडावे, यासाठी ही पद्धत होती आणि ती उत्तम चालली. टेकन हा त्यातला सर्वांत महत्त्वाचा शब्द. तो न आल्यास दहा जण दिवसभर निरर्थक ईमेल करत राहतात. क्रॉस-पोस्टिंगची खरी हानी इथेच होत होती: तीन गटांत ऑफर लिहिणारा माणूस टेकन मात्र एका गटात लिहून मोकळा होई.

मॉडरेटरचे काम बाहेरून दिसते त्यापेक्षा कष्टाचे होते. नव्या सभासदाची पोस्ट थेट न जाता आधी मॉडरेटरपुढे येई. गाव बरोबर आहे का, शीर्षक ठरल्याप्रमाणे आहे का, आडून किंमत तर मागितलेली नाही ना, हे पाहून तो ती सोडी. शेजारच्या गटांचे मॉडरेटर एकमेकांना ओळखत, एकमेकांच्या गटांत सभासद असत, आणि तोच हिरवा सोफा चार ठिकाणी दिसला की आपसांत कळवत. हे सारे विनामोबदला, नोकरी-संसार सांभाळून. फुकट वस्तूंच्या गटांवर जेवढे लिहिले गेले त्यात देणाऱ्यांचे आणि घेणाऱ्यांचे कौतुक पुष्कळ आहे. रोज रात्री तासभर बसून शंभर पोस्टी चाळणाऱ्या या माणसांना मात्र त्यांचे श्रेय मिळालेले नाही.

नियम गावागणिक वेगळे होते. काही गटांत क्रॉस-पोस्टिंगला सक्त मनाई होती. काहींनी दोन दिवस थांबण्याची अट घातली: आधी घरच्या गटात टाका, कुणी नेले नाही तर पुढच्या गटात. काहींना पोस्टमध्ये ‘इतर गटांतही टाकले आहे’ एवढा उल्लेख पुरे होता. मनाई करणाऱ्यांची बाजू अशी की लांबून मोटार चालवत येऊन एक टेबललॅम्प नेला तर जाळलेल्या पेट्रोलात पर्यावरणाचा हेतूच बुडतो; शिवाय दहा गटांत नाव नोंदवून चांगल्या वस्तू गोळा करायच्या आणि नंतर विकायच्या, असे करणारे लोक असतात. परवानगी देणाऱ्यांची बाजूही खरी होती. घर बदलताना चार दिवसांत कपाट हलवायचे असते, लहान गावाच्या गटात घेणारा मिळत नाही, आणि ते कपाट कचऱ्यात जाण्यापेक्षा शेजारच्या गावी गेलेले बरे. लंडनमध्ये तर सीमाच कृत्रिम होत्या. तिथे बरोनिहाय, म्हणजे शहराच्या प्रशासकीय विभागांनुसार, गट होते, आणि इझलिंग्टनच्या कडेला राहणाऱ्याला हॅकनीतला रस्ता आपल्याच बरोच्या दुसऱ्या टोकापेक्षा जवळ पडे. अशा माणसाने दोन गटांत पोस्ट टाकणे यात गैर काही नव्हते. दोन दिवस थांबण्याचा नियम या सगळ्यांत सर्वांत शहाणा म्हणावा लागेल. त्यात शेजाऱ्याला पहिला मान मिळतो आणि वस्तूही वाया जात नाही.

स्थानिक मॉडरेटरला किती मोकळीक असावी, यावरून मोठे तंटे झाले. ब्रिटनमध्ये अनेक गटांच्या मॉडरेटरांचे अमेरिकेतील मध्यवर्ती फ्रीसायकल संस्थेशी पटेनासे झाले. आपल्या गावाला साजेसे बदल करायला वाव मिळत नाही ही त्यांची मुख्य तक्रार होती. सप्टेंबर २००९ मध्ये त्यांतल्या बऱ्याच गटांनी बाहेर पडून फ्रीगल ही स्वतंत्र संस्था काढली. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील सनीव्हेल गावच्या गटाशी झालेला नाममुद्रेचा वाद नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयापर्यंत गेला. नोव्हेंबर २०१० मध्ये न्यायालयाने मध्यवर्ती संस्थेच्या विरोधात निकाल दिला. संस्थेने आपले नाव गटांना वापरायला दिले, पण त्यांच्या कामावर पुरेसे नियंत्रण ठेवले नाही, म्हणून त्या गटाविरुद्ध नावावरचा हक्क राहत नाही, असे त्याचे सार. मूळ नियमाचा अर्थ प्रत्येक मॉडरेटर आपापल्या परीने लावत होता, हीच बाब न्यायालयात संस्थेच्या विरुद्ध गेली. गटांना जिवंत ठेवणारी स्थानिक मोकळीक कायद्याच्या नजरेत ढिलाई ठरली.

फ्रीगलने पुढे आपली स्वतःची यंत्रणा उभारली आणि क्रॉस-पोस्टिंगच्या मुळाशी हात घातला. तिथे पोस्ट टाकणाऱ्याला आधी पोस्टकोड विचारला जातो आणि त्यावरून पोस्ट कोणत्या गटात जायची ते ठरते. ब्रिटनमध्ये एका पोस्टकोडात थोडीच घरे येतात, त्यामुळे ठिकाण बरेच अचूक कळते. गट निवडण्याचे काम माणसाकडून काढून घेतल्यावर तीन गटांत पोस्ट टाकण्याचा मोह उरत नाही. युजनेटच्या दस्तऐवजातली परिसराची ओळ पंचवीसेक वर्षांनी अशी परत आली. अमेरिकेतल्या मूळ फ्रीसायकलनेही आपले संकेतस्थळ वाढवून गट तिकडे वळवले. हे शहाणपणाचे ठरले, कारण याहू ग्रुप्स २०२० च्या डिसेंबरमध्ये कायमचे बंद झाले. तोवर तिथे थांबलेल्या गटांना सभासदांच्या याद्या घेऊन दुसरीकडे जावे लागले.

जुलै २०१३ मध्ये सिएटलजवळच्या बेनब्रिज बेटावर रिबेका रॉकफेलर आणि लीझल क्लार्क यांनी बाय नथिंग नावाचा गट फेसबुकवर सुरू केला. क्लार्क चित्रीकरणाच्या निमित्ताने नेपाळमधल्या मुस्तांग भागात जात. तिथल्या खेड्यांतली परस्परांना देण्याची रीत त्यांच्या मनात होती. या चळवळीने क्रॉस-पोस्टिंगचा प्रश्न सर्वांत कडकपणे सोडवला. प्रत्येकाने एकाच गटात राहायचे आणि तो आपण राहतो त्याच वस्तीचा असायचा. सभासद होताना राहत्या घराजवळचा चौक विचारला जाई. आधी आला त्याला मिळाले, अशी घाई नव्हती. पोस्ट काही काळ राहू द्यावी, कुणाला का हवी ते वाचावे आणि मग देणाऱ्याने ठरवावे, असा आग्रह होता. मागण्या खाली सर्वांसमोर दिसत, त्यामुळे वस्तू कुणाकडे गेली हे गुपित राहत नसे. दिवसभर कामावर असणाऱ्याला, गाडी नसणाऱ्याला आणि सतत मोबाइलवर नसणाऱ्याला या पद्धतीत न्याय मिळण्याची शक्यता जास्त होती.

गट साधारण हजारावर गेला की त्याचे दोन भाग करायचे, अशीही पद्धत होती. छोट्या गटात ओळख राहते हा त्यामागचा विचार चुकीचा नव्हता. पण सीमारेषा आखायची कुठून, यावरून ठिणगी पडली. बॉस्टनच्या जमैका प्लेन भागात गटाचे तुकडे करताना श्रीमंत आणि गरीब, गोरे आणि इतर वर्णाचे लोक वेगळे पडतील, असा आक्षेप सभासदांनी घेतला आणि प्रकरण चांगलेच चिघळले. अमेरिकी शहरांत वस्त्याच वंश आणि उत्पन्नानुसार विभागलेल्या आहेत. तिथे ‘फक्त आपल्या वस्तीत’ या नियमाने चांगल्या वस्तू चांगल्या वस्तीतच फिरत राहतात. क्रॉस-पोस्टिंगची बंदी एका टोकाला नेली की ती अशी भिंत बनते. पुढे संस्थापकांनी सीमांचे नियम सैल केले, आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये आलेल्या त्यांच्या ॲपमध्ये गटाऐवजी अंतर महत्त्वाचे झाले. आपली पोस्ट किती दूरवर दिसावी हे सभासद स्वतः ठरवू लागला. फेसबुकवरच्या अनेक ॲडमिनना हा बदल मानवला नाही आणि त्यांनी जुनेच गट जुन्या नियमांनी चालू ठेवले.

महाराष्ट्रात हेच व्यवहार प्रामुख्याने व्हॉट्सॲपवर चालतात. सोसायटीचा ग्रुप, शाळेच्या पालकांचा ग्रुप, माजी विद्यार्थ्यांचा ग्रुप, यांतून जूनच्या तोंडावर पाठ्यपुस्तके आणि गणवेश फिरतात, वर्षभर सायकली, वॉकर आणि व्हीलचेअर फिरतात. जुने कपडे बोहारणीला देऊन भांडे घेण्याची रीत त्याआधीची, आणि २०१६ च्या सुमारास अनेक शहरांत उभ्या राहिलेल्या ‘माणुसकीच्या भिंती’ही याच कुळातल्या. भिंतीला क्रॉस-पोस्टिंगचा त्रास नाही. कपडा एका खुंटीवर असतो, नेला की खुंटी रिकामी दिसते. व्हॉट्सॲपवर मात्र खुंटी रिकामी झाल्याचे कळत नाही. फॉरवर्ड केलेल्या संदेशात मूळ लिहिणारा कोण, तो कधी लिहिला, हे दिसत नाही, आणि ‘व्हीलचेअर उपलब्ध’ असा निरोप ती देऊन झाल्यावरही महिनोन्महिने ग्रुपांतून हिंडत राहतो.

याचे सर्वांत वाईट रूप एप्रिल-मे २०२१ मध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत दिसले. ऑक्सिजन सिलिंडर, प्लाझ्मा, रुग्णालयातील खाटा यांचे नंबर शेकडो ग्रुपांत फिरत होते आणि त्यांतले कित्येक केव्हाच शिळे झालेले होते. त्या वेळी ठिकठिकाणच्या स्वयंसेवकांनी एक साधी शिस्त आणली: प्रत्येक नंबरवर स्वतः फोन करायचा आणि संदेशात खातरजमा केल्याची तारीख व वेळ लिहायची. फ्रीसायकलच्या मॉडरेटरांनी टेकन या शब्दातून जे साधले होते तेच इथे वेळेच्या नोंदीतून साधले गेले.

व्हॉट्सॲपने फॉरवर्डवर घातलेली मर्यादा वेगळ्या कारणाने आली. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा गावात मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच जणांना ठार मारले. देशात अशा हत्या एकापाठोपाठ होत होत्या. त्याच महिन्यात कंपनीने भारतात एक संदेश एका वेळी पाच ठिकाणीच फॉरवर्ड करता येईल असे जाहीर केले; जानेवारी २०१९ मध्ये हीच मर्यादा जगभर लागू झाली, आणि एप्रिल २०२० पासून फार वेळा फिरलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येऊ लागला. क्रॉस-पोस्टिंगवर आजवर घातलेला हा बहुधा सर्वांत व्यापक निर्बंध असेल. नोव्हेंबर २०२२ मध्ये कम्युनिटीची सोय आली. अनेक ग्रुप एका छत्राखाली आणून ॲडमिनला सर्वांसाठी एकच सूचना देता येऊ लागली. दहा इमारतींच्या संकुलात वस्तूंसाठी एक स्वतंत्र ग्रुप काढून तो त्या छत्राखाली ठेवणे हा आज हाताशी असलेला सर्वांत सोपा उपाय आहे.

तरीही यंत्राच्या आवाक्याबाहेरचे एक काम शिल्लक राहते. अनेक ग्रुपांत टाकलेली पोस्ट एका जागी बंद केली की सगळीकडे बंद व्हावी, अशी सोय व्हॉट्सॲपवर नाही. म्हणून देणाऱ्याने पोस्टमध्ये तारीख आणि परिसर लिहावा, आधी जवळच्या ग्रुपला दोन दिवस द्यावेत, आणि वस्तू गेल्यावर जितक्या ग्रुपांत टाकली तितक्या ग्रुपांत ‘दिले’ हा शब्द स्वतः लिहावा.